400 फायलींचा बदल: टूल कुठलं घ्यावं, आणि त्याच्याकडून काय करून घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातली 8 डेव्हलपरांची टीम शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या फौंड्र्यांना बिलिंग, स्टोअर आणि जॉबवर्कचं जावा सॉफ्टवेअर देते. सगळ्या रकमा 'डबल' या दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात आहेत, त्यामुळे बिलात पैशांचा फरक पडतो. त्या दशांश नेमके साठवणाऱ्या 'बिगडेसिमल'मध्ये न्यायच्या आहेत. अंदाजे 400 फायलींना हात लागणार. मागच्या मोठ्या बदलाची ब्रँच (कोडची वेगळी वाट) दोन महिने वेगळी चालली आणि ती मूळ कोडात मिसळताना, म्हणजे मर्ज करताना, सगळं विस्कटलं. तर आता यासाठी कुठलं टूल विकत घ्यावं?

माझ्या मते दुखणं 400 मध्ये नाही, दोन महिन्यांत आहे. ब्रँच वेगळी चालते तेवढ्या काळात उरलेले सहा-सात जण त्याच फायलींमध्ये काम करत असतात, आणि तुमच्या धंद्यात ते थांबवता येत नाही. 2025 चंच बघा. जीएसटी परिषदेचा दरबदलाचा निर्णय 3 सप्टेंबरला झाला आणि 22 सप्टेंबरपासून लागू झाला. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दर बदलले, आणि मधल्या 19 दिवसांत बिलिंगचं सॉफ्टवेअर देणाऱ्या प्रत्येकाला कराच्या कोडकडे बघावं लागलं. अशा वेळी रकमांचा बदल दुसऱ्या ब्रँचवर अर्धवट पडून असेल, तर त्याच ओळी दोन्हीकडे बदलतात आणि मर्जच्या दिवशी कुठली ओळ खरी हे कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही. म्हणून कुठलंही टूल मी एकाच कसोटीवर पारखतो: अर्धा झालेला बदल आज संध्याकाळी मेनमध्ये (सगळ्यांच्या मुख्य ब्रँचमध्ये) सुखरूप नेता येईल का?

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. ग्राहकागणिक कोडची वेगळी ब्रँच ठेवली असेल (छोट्या प्रॉडक्ट कंपन्यांत हे सर्रास दिसतं), तर हा बदल आत्ता सुरू करू नका. 15 ग्राहक असतील तर प्रत्येक तुकडा 15 ठिकाणी मर्ज करावा लागेल, आणि त्यातून कुठलंही टूल सोडवत नाही. ग्राहकांमधले फरक आधी सेटिंगमध्ये किंवा वेगळ्या मॉड्यूलमध्ये आणा आणि मेन एकच करा. सर्व्हर ग्राहकाच्या कारखान्यात आहे की तुमच्याकडे, यावर डेटाबेसचा भाग किती लांबेल ते ठरतं. आणि ऑटोमेटेड टेस्ट फारशा नसतील तर काम अडत नाही, पण जुनी बिलं पडताळणारी एक तपासणी लिहावीच लागेल. तिच्याबद्दल खाली आहेच.

आता मूळ मुद्दा. डबलच्या जागी थेट बिगडेसिमल घालायला गेलात की बदल तोडता येत नाही. एका मेथडचा प्रकार बदलला की तिला कॉल करणाऱ्या मेथडचा बदलावा लागतो, मग त्यांना कॉल करणाऱ्यांचा, आणि 400 फायली पूर्ण होईपर्यंत काहीच कंपाइल होत नाही, म्हणजे चालणारा प्रोग्राम बनतच नाही. ही साखळी तोडायची असेल तर मध्ये एक छोटा क्लास घाला, त्याचं नाव 'मनी' धरू. त्याच्या आत सुरुवातीला डबलच ठेवा. बेरीज, वजाबाकी, वजनाशी गुणाकार, राउंडिंग आणि तुलना एवढ्या मेथड द्या, आणि दोन दारं ठेवा: डबलपासून मनी बनवणारं एक, मनीमधून डबल काढून देणारं दुसरं. या क्लासमुळे हिशेबात एका पैशाचाही फरक पडत नाही, म्हणून तो पहिल्याच दिवशी मेनमध्ये जातो.

मग एकेक मॉड्यूल घ्या. 10 ते 15 फायलींची एक पुल रिक्वेस्ट (बदल तपासून मर्ज करायची विनंती): आधी डेबिट नोट, मग जॉबवर्क चलन, मग खरेदी, आणि विक्रीचं बिल सगळ्यात शेवटी. ज्या मॉड्यूलची पाळी अजून आलेली नाही त्याच्याशी बोलताना दार वापरायचं. या काळात मेन रोज चालू राहतं आणि ग्राहकाला नवीन आवृत्तीही देता येते. सगळी मॉड्यूल झाली, दारं फक्त डेटाबेस आणि रिपोर्टच्या सीमेवर उरली, की त्या एका क्लासच्या आतला डबल काढून बिगडेसिमल घालायचा. हिशेबाचा निकाल खऱ्या अर्थानं बदलणारा कमिट (कोडच्या इतिहासातली एक नोंद) हा एकच. तो 100-150 ओळींचा असतो, एका बैठकीत वाचून होतो, आणि काही बिनसलं तर तेवढाच मागे घेता येतो.

यादी मात्र माणसानंच करायची. तुमच्या कोडमधला प्रत्येक डबल म्हणजे पैसे नव्हेत. हीटचं (वितळवलेल्या धातूच्या एका खेपेचं) टॅपिंग तापमान, कार्बन-सिलिकॉनची टक्केवारी ही मोजमापं आहेत, ती डबलच राहू द्या. कास्टिंगचं वजन पैसे नाही, पण दराशी गुणलं जातं. ते तीन दशांशांपर्यंत नेमकं हवं, म्हणून त्याला वेगळा प्रकार द्या. शोधा-आणि-बदला इथे का चालत नाही ते यावरून कळेल: 'टोटल' नावाच्या व्हेरिएबलमध्ये किलो आहेत की रुपये, हे अक्षरांवरून समजत नाही.

यादी झाली की प्रत्यक्ष बदल यंत्राकडून करून घ्या. इंटेलिजे या जावा लिहायच्या टूलमध्ये टाइप मायग्रेशन नावाचं रिफॅक्टरिंग (कोडची रचना बदलायची सोय) आहे. एका फील्डचा किंवा मेथडचा प्रकार बदलला तर तो कुठवर पसरेल हे ते आधी दाखवतं आणि जिथे जमत नाही त्या जागा वेगळ्या काढून देतं. तोच साचा शंभर ठिकाणी असेल तर त्यातलाच स्ट्रक्चरल सर्च किंवा ओपनरीराइट या टूलची रेसिपी (बदल कसा करायचा याचे लिहिलेले नियम) वापरा. ही टूल्स कोडची रचना ओळखतात आणि प्रकार बघून बदल करतात. ओपनरीराइट तर न बदललेल्या भागाची मांडणी जशीच्या तशी ठेवतं, त्यामुळे डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) कचरा येत नाही. अशी रेसिपी म्हणजे फौंड्रीतला पॅटर्न समजा: चूक निघाली तर पॅटर्न दुरुस्त करून पुन्हा ओतायचं, प्रत्येक कास्टिंग कानशीनं घासत बसायचं नाही. एआय असिस्टंट वापरत असाल तर हीच शिस्त पाळा. त्याच्याकडून रेसिपी लिहून घ्या, थेट 400 फायली बदलून घेऊ नका. 60 ओळींची रेसिपी वाचून तपासता येते आणि पुन्हा चालवता येते. 400 फायलींतल्या प्रत्येक जागी त्यानं काय ठरवलं हे कुणी वाचणार नाही.

अर्धवट अवस्था कायमची होण्याचा धोका असतो. घाईत कुणीतरी डबल काढून देणारं दार नव्या ठिकाणी वापरतं आणि काम संपतच नाही. त्यासाठी आर्कयुनिट हे कोडच्या रचनेचे नियम तपासणारं टूल घ्या. 'हे दार फक्त सीमेवरच्या पॅकेजमधून वापरायचं' असा नियम लिहा आणि तो गोठवा. त्यातला फ्रीझिंग आर्करूल आजची सगळी उल्लंघनं एका फाइलमध्ये नोंदवून ठेवतो आणि नवीन उल्लंघन झालं तरच बिल्ड (कोडपासून प्रोग्राम बनवून तपासायची फेरी) पाडतो. जुनं दुरुस्त झालं की नोंद आपोआप कमी होते. ती फाइल गिटमध्येच (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या टूलमध्ये) ठेवा. किती काम उरलंय याचा खरा आकडा तीच सांगते.

आता जिथे कंपाइलर गप्प बसतो त्या जागा. इथे सावकाश जा, कारण पैशांच्या चुका याच ठिकाणी शिरतात.

दोन डबलची तुलना == नं केलेली असेल, तर दोन्ही बाजूंचा प्रकार बदलल्यावरही ती ओळ कंपाइल होते. पण आता ती किंमत तपासत नाही, दोन्हीकडे तीच वस्तू आहे का एवढंच बघते. 'येणे बाकी शून्य आहे का' ही तपासणी अशानं बहुतेक वेळा खोटी येते. दुसरी जागा बेरजेची. बिगडेसिमल स्वतः बदलत नाही, बेरीज करून नवी किंमत परत देतो. परत आलेली किंमत कशात धरली नाही तर ओळ चालते आणि बेरीज हवेत जाते. तिसरी जागा समानतेची: इक्वल्स मेथडच्या लेखी 2.0 आणि 2.00 वेगळे आहेत, त्यासाठी कंपेअरटू वापरावी लागते. चौथी भागाकाराची: 100 ला 3 नं भागताना राउंडिंग सांगितलं नाही तर प्रोग्राम अपवाद फेकतो, आणि तोही ग्राहकाकडे चालत असताना.

पाचवी जागा सगळ्यात फसवी आहे. डबलमध्ये 1.005 लिहिलं तरी आत साठतो तो आकडा त्याहून किंचित कमी असतो. तो थेट बिगडेसिमलच्या कन्स्ट्रक्टरला दिला आणि हाफ-अप पद्धतीनं (अर्धा असेल तर वर) दोन दशांशांवर आणला तर 1.00 येतो. व्हॅल्यूऑफ मेथडमधून नेला तर 1.01 येतो. म्हणजे रूपांतर कुठल्या वाटेनं केलं यावर बिलातला पैसा ठरतो, आणि दोन डेव्हलपरांनी दोन वाटा धरल्या तर एकाच बिलाचे दोन आकडे निघतात. मनी क्लासचा मोठा फायदा इथे कळतो: समानता, भागाकार आणि रूपांतर यांचे खाचखळगे त्या एका फाइलमध्ये बंद होतात. बाहेर उरतात ते == आणि हवेत जाणारी बेरीज. त्यांच्यासाठी गूगलचं चुका पकडणारं मोफत टूल, एरर प्रोन, बिल्डमध्ये जोडा. त्यातला रेफरन्सइक्वॅलिटी हा नियम मुळात फक्त इशारा देतो, त्याला एररचा दर्जा द्या (मनीमध्ये इक्वल्स लिहिलेली असेल तरच तो पकडतो, हे लक्षात ठेवा). क्लासवर चेकरिटर्नव्हॅल्यू हे अॅनोटेशन लावलं की परत आलेली रक्कम टाकून देणारी प्रत्येक ओळ बिल्डमध्येच पकडली जाते.

जावाच्या बाहेरचा कोड ही टूल्स तपासतील असं धरू नका. बिलं छापणाऱ्या जॅस्पर रिपोर्टच्या साच्यात फील्डचा प्रकार डबल लिहिलेला असतो. तो राहिला तर बिल छापतानाच कळतं. जेएसपीतल्या (वेब पानांच्या साच्यांतल्या) एक्स्प्रेशन, स्ट्रिंगमध्ये लिहिलेल्या एसक्यूएल क्वेरी, एक्सेल एक्स्पोर्ट, ई-इनव्हॉइसचं जेसन या सगळ्यांची हातानं यादी करा. जेसन आणि सीएसव्ही या मजकुराच्या फायलींत आणखी एक धोका आहे: बिगडेसिमलला साध्या टूस्ट्रिंगनं मजकुरात नेलं तर 1000 च्या जागी 1E+3 असं रूप येऊ शकतं. टूप्लेनस्ट्रिंग वापरा, आणि जेसन लिहिणाऱ्या जॅक्सन लायब्ररीत बिगडेसिमल साध्या रूपात लिहिण्याची सेटिंग चालू करा. ज्या ग्राहकांना ई-इनव्हॉइस लागू आहे, त्यांचं पोर्टलवरचं चुकीचं बिल फक्त 24 तासांत रद्द करता येतं, म्हणून ही जागा चुकवू नका.

रिव्ह्यूबद्दल माझं मत ठाम आहे: यंत्रानं केलेला बदल आणि डोक्यानं केलेला बदल एका पुल रिक्वेस्टमध्ये ठेवू नका. यंत्राच्या कमिटच्या संदेशात नेमकी कमांड आणि टूलची आवृत्ती लिहा. तपासणाऱ्यानं आधीच्या कमिटवर जाऊन तीच कमांड चालवायची आणि आलेला निकाल या कमिटशी ताडून बघायचा. फरक शून्य असेल तर 80 फायली वाचायची गरज नाही, फक्त रेसिपी वाचायची. फरक निघाला तर कुणीतरी मध्ये हात घातलाय, तेवढंच बघायचं. डोक्यानं केलेला बदल 200 ते 400 ओळींच्या आत ठेवा. त्याच्या पुढे माणूस वाचत नाही, नुसता स्क्रोल करतो.

कोडची मांडणी एकसारखी करायची असेल तर तो कमिटही वेगळा आणि सगळ्यांच्या आधी. त्याचा क्रमांक ब्लेममधून (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडमधून) वगळण्याच्या यादीत टाका; गिटमध्ये ही सोय 2.23 पासून, म्हणजे 2019 पासून आहे. पण स्क्वॅश मर्ज (सगळे कमिट एकात गुंडाळून मर्ज) करत असाल तर मेनवर कमिटचा क्रमांक बदलतो. म्हणून यादीत नोंद मर्ज झाल्यावर, पुढच्या कमिटमध्ये करा. आधीच केलीत तर ती अस्तित्वात नसलेल्या कमिटकडे बोट दाखवते आणि ब्लेम पुन्हा मांडणीवाल्याचंच नाव सांगत राहतं. फाइलचं नाव बदलणं आणि आतला मजकूर बदलणं हेही दोन कमिटमध्ये करा. दोन्ही फायली साधारण 50 टक्के सारख्या असतील तरच गिट त्याला नामांतर मानतं, नाहीतर जुनी फाइल गेली आणि नवी आली असं समजतं.

एकावर एक अवलंबून असलेल्या तीन-चार पुल रिक्वेस्ट रचायच्या असतील तर गिट 2.38 किंवा पुढचं घ्या. रिबेस करताना (ब्रँच ताज्या कोडवर नव्यानं बसवताना) अपडेट-रेफ्स हा पर्याय दिला की मधल्या सगळ्या ब्रँच एकदम पुढे सरकतात. इथेही स्क्वॅश आडवा येतो: पहिली ब्रँच स्क्वॅश होऊन मेनमध्ये गेली, तरी दुसरीत तिचे जुने कमिट असतातच आणि स्वतःच्याच बदलाशी कॉन्फ्लिक्ट (त्याच ओळींवर दोन बदलांची टक्कर) येतो. तेव्हा रिबेसला ऑन्टो पर्याय देऊन, पहिल्या ब्रँचच्या जुन्या टोकापासून पुढचेच कमिट मेनवर न्या. तेच कॉन्फ्लिक्ट पुन्हा पुन्हा सोडवावे लागत असतील तर गिटमधलं रेरेरे चालू करा. एकदा सोडवलेली गाठ ते लक्षात ठेवतं. मात्र चुकीची सोडवलेली गाठही ते तितक्याच इमानानं पुन्हा लावतं. चूक लक्षात आली की त्या फाइलपुरतं रेरेरे फरगेट द्या.

कॉन्फ्लिक्ट न येता होणारी मोडतोड वेगळीच असते. एकानं मेथडचा प्रकार बदलला, दुसऱ्यानं नव्या फाइलमध्ये जुन्या प्रकारानं तिला कॉल केला. गिट दोन्ही मुकाट मर्ज करतं आणि मेन मोडतं. उपाय म्हणजे मर्जच्या आधी ब्रँच ताज्या मेनवर आणून बिल्ड चालवायची सक्ती. तुमचं बिल्ड 10 मिनिटांचं असेल तर 8 जणांना एवढं पुरतं. 40 मिनिटांचं असेल तर दिवसाला 8 मर्ज म्हणजे 5 तास 20 मिनिटांची रांग होते, आणि मगच मर्ज क्यूसारख्या (मर्ज रांगेत लावून आपोआप तपासणाऱ्या) सोयीचा विचार करा. त्याआधी बिल्ड वेगवान करायला दोन दिवस द्या. ते जास्त फळतात.

जुन्या बिलांची तपासणी अशी करा. ग्राहकाच्या परवानगीनं वेगवेगळ्या प्रकारची 500 बिलं निवडा: सवलत असलेली, राज्याबाहेरची, अनेक दरांची, रिजेक्शनच्या डेबिट नोटची, तीन दशांशी वजनांची. नावं-पत्ते पुसा. जुन्या कोडनं काढलेले ओळीनिहाय कर, राउंड-ऑफ आणि एकूण रक्कम फाइलमध्ये साठवा आणि प्रत्येक बिल्डमध्ये ताडून बघा. क्लासच्या आतला बदल होईपर्यंत फरक शून्य हवा, एकही नाही. आतला बदल केल्यावर काही बिलांत पैशाचा फरक येणारच, त्यासाठीच तर हे काम आहे. त्या फरकांची यादी ग्राहकाच्या अकाउंटंटला दाखवा; राउंडिंग ओळीवर करायचं की बेरजेवर हे डेव्हलपरनं ठरवायचं नसतं. आणि जी बिलं आधीच विवरणात गेली आहेत त्यांची एकूण रक्कम पुन्हा मोजू नका, साठवलेलीच दाखवा. एरवी मागच्या वर्षीचं बिल पुन्हा छापलं की वेगळा आकडा येईल.

डेटाबेस शेवटी, आणि तोही तुकड्यांत. मायएसक्यूएलमध्ये कॉलमचा प्रकार थेट बदलला तर अख्ख्या टेबलाची नक्कल होते आणि तोवर त्यात काही लिहिता येत नाही. पोस्टग्रेसमध्ये डबलचा न्यूमेरिक करताना टेबल पुन्हा लिहिलं जातं आणि तोवर ते पूर्ण बंद राहतं. त्यापेक्षा नवा डेसिमल कॉलम जोडा, एका आवृत्तीत दोन्हीकडे लिहा, जुन्या ओळी 5,000 च्या गठ्ठ्यांनी भरा, दोन्ही कॉलम ताडून बघा, पुढच्या आवृत्तीत वाचणं नव्याकडे वळवा. डेटाबेसचे बदल क्रमानं चालवणारं फ्लायवे वापरत असाल तर एकदा चाललेली मायग्रेशन फाइल सुधारू नका. चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळत नाही आणि ग्राहकाकडचं अपडेट अडतं. दुरुस्ती नव्या फाइलमध्येच करा.

वेळ निवडताना ग्राहकाचं कॅलेंडर बघा. महिनाअखेर नको. मासिक विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-1 ची 11 तारीख आणि जीएसटीआर-3बी ची 20 तारीख, यांच्या आधीचे दोन-तीन दिवसही नकोत. 21 ते 25 च्या दरम्यानची कारखान्याची साप्ताहिक सुट्टी सगळ्यात सोयीची.

विकत घेण्याबद्दल: इंटेलिजेतलं रिफॅक्टरिंग, एरर प्रोन, आर्कयुनिट, गिट आणि फ्लायवेची मोफत आवृत्ती यांत हे सगळं काम होतं. ओपनरीराइटचा गाभाही मुक्त आहे, काही तयार रेसिपींच्या परवान्याच्या अटी तेवढ्या वाचून घ्या. पैसे घालायचेच असतील तर बिल्डच्या मशीनवर घाला. जुना कॉलम मात्र लगेच काढू नका. सर्व्हर ग्राहकांच्या कारखान्यांत असतील तर शेवटचा ग्राहक नव्या आवृत्तीवर येऊन त्याचं एक महिन्याचं विवरण नव्या आकड्यांवर भरून होईपर्यंत तो राहू द्या. कोणता ग्राहक कुठल्या आवृत्तीवर आहे याची नोंद आजपासूनच ठेवायला लागा, कारण कॉलम काढायची तारीख त्या नोंदीवरूनच ठरेल.